परसातली गंगा

सखातात्यांनी धोतराचा सोगा कमरेला खोचला, उकिडवे बसले आणि दगडाच्या फटीतून येणाऱ्या पाण्यावर जास्वंदीचं फूल ठेवलं. फूल वाहत माझ्या पायाशी आलं.

"गंगा आली," ते म्हणाले. "मोहनच्या परसात गंगा आली."

मोहन म्हणजे माझा नवरा. तो चाकणला कारखान्यात होता आणि मी त्याच्या आईबरोबर उंबरकोंडात. परस म्हणजे आमच्या चुलीपासून बरोबर बारा पावलं. मी मोजली होती. मला तेव्हा सगळंच मोजायची सवय लागली होती. जुई अकरा महिन्यांची होती आणि ती दिवसात किती वेळा शिंकली हेही मला सांगता आलं असतं.

"तात्या," मी म्हणाले, "आजवर इथं पाणी नव्हतं. पाच दिवसांच्या पावसानं डोंगराच्या पोटात पाणी साठलंय, ते वाट काढतंय. हे चांगलं लक्षण नाही."

"हां, बीए बोलली."

सगळे हसले. मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. केलं होतं, आणि लग्न होऊन आल्यापासून ती पदवी म्हणजे कोंडातल्या लोकांची हक्काची करमणूक होती. भाकरी करपली की बीए, गाय उधळली की बीए.

तात्या माझे चुलत सासरे. कोंडातला पहिला नारळ त्यांचा, शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना सगळं ठाऊक असायचं: ढग कुठून भरून येणार, म्हैस का आटली, मुंबईत कुठला मंत्री जाणार. एवढं सगळं ठाऊक असलेला माणूस अकरा घरांच्या कोंडात का राहतो, हे मात्र कुणी विचारत नसे.

आणि ती अकरा घरंही कशी? डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखी, एकाच्या डोक्यावर दुसरं. सर्वांत वरचं आमचं. आमच्या परसाच्या दगडी गडग्यामागं थेट डोंगर. उन्हाळ्यात याच कोंडातल्या बायका खालच्या नाल्यातल्या डबक्यात वाटी वाटी पाणी उपसत दोन दोन तास बसायच्या. त्यामुळे घरामागं पाणी फुटलं म्हटल्यावर त्यांना दुसरं काही दिसेना. हिराकाकी, म्हणजे तात्यांची बायको, तर रडली. ती ओंजळभर पाणी प्यायली आणि पदरानं तोंड पुसत माझ्या सासूला म्हणाली, "सगुणे, तुझं नशीब गो!"

माझी सासू वाकून पाण्याकडं बघत होती. ती कधीच फारसं बोलत नसे. मी तिला अडाणी समजत होते, आणि ती मला काय समजत होती हे तिनं मला कधी कळू दिलं नाही.

मे महिन्यात सरकारी साहेब येऊन गेले होते. डोंगराकडे पाठ करून फोटो काढले, पत्रकं वाटली. जमिनीला भेगा पडणं, झाडं कलणं, दारं-खिडक्या अडकू लागणं, नवीन झरे फुटणं किंवा जुने अचानक बंद होणं. सगळं त्यात होतं. सगळ्यांना समजावून सांगितलं, असं तात्यांनी कोंडाच्या वतीनं लिहून दिलं आणि साहेब चहा पिऊन गेले. आईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, त्या पत्रकांवर पोह्याचे पापड वाळवले. कागद चांगला गुळगुळीत होता.

झरा फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी चूलघराचं दार चौकटीत घासू लागलं.

"पावसानं फुगलंय," आई म्हणाल्या.

मी चौकटीला वरून एक दोरा बांधला आणि त्याच्या टोकाला एक लहान खडा. खडा उंबऱ्यावर जिथं लोंबत होता तिथं कोळशानं रेघ मारली. तिसऱ्या दिवशी सकाळी खडा रेघेपासून बोटभर पुढं आलेला होता. घर दरीकडं झुकत होतं. मी आईंना हाताला धरून नेऊन दाखवलं.

त्या खूप वेळ त्या खड्याकडं बघत राहिल्या.

"वाऱ्यानं हलतो दोरा," त्या म्हणाल्या.

"वारा कुठाय? अहो, घर कलतंय! जमीन सरकतेय खालून."

"मग काय करू म्हनतेस?"

"तात्यांना सांगा. सगळ्यांनी चार दिवस पलीकडे देवळात जाऊन राहू. वाघजाईचं देऊळ, सहाण, सगळं कातळावर आहे, तिथं काही होणार नाही."

"तात्या ऐकल माजं?"

"तुम्ही नीट सांगितलंत तर..." मी बोलता बोलता थांबले. मग जे बोलले ते आजही जसंच्या तसं आठवतं. "जाऊ द्या. तुम्हाला ते समजावून सांगता यायचं नाही. त्याला थोडं शिकलेलं असावं लागतं."

"खरं हाय बाय," असं म्हणून त्या गोठ्यात गेल्या.

मी जुईला पाठुंगळी बांधलं आणि भिजत भिजत वळणावर गेले. तिथं एका दगडावर उभं राहिलं की मोबाइलला रेंज मिळायची. मोहनला सगळं सांगितलं. खडा, दार, झरा.

"आई काय म्हणते?" त्यानं विचारलं.

"आई काय म्हणणार? त्यांना काय कळतं त्यातलं?"

"मग तात्यांना विचार ना."

मी फोन बंद केला. दगडावर उभी राहून मला हसू आलं. बारा बुकं शिकलेला, यंत्रावर काम करणारा माणूस, आणि डोंगर पडेल का हे तात्यांना विचारायचं!

एकटी जुईला घेऊन मी तेव्हाच निघाले असते. घाटात माती आल्यामुळे एसटी बंद होती, पण देवळापर्यंत पायी पंधरा मिनिटांची वाट. नाल्यावरचा लाकडी साकव ओलांडला की पलीकडच्या धारेवर देऊळ. मी दुपट्यांची पिशवी भरली, डब्यात नाचणीचं सत्व घेतलं. दारात तात्या.

"कुठं?"

"देवळात. दोन दिवस."

"सोमवारी गंगापूजन हाय. कुमारिका लागते. घरातली धाकटी पोर. जुईला बसवायची गंगेपुढं." त्यांनी माझ्या कडेवरच्या जुईच्या गालाला बोट लावलं. "सगळ्या कोंडाचं काम हाय. नंतर जा कुठं जायचं तिथं. माहेरी जा, काशीला जा."

"तात्या, ती लहान आहे. तिला सर्दी झालीय."

"गंगेचं तीर्थ पाज. सर्दी पळंल."

आणि त्यांनी आईंकडं बघितलं. आईंनी माझ्या कडेवरून जुईला काढून घेतलं. त्या रात्री जुई त्यांच्या कुशीत झोपली आणि मी दाराशी बसून त्या खड्याकडं बघत राहिले.

रविवारी पाणी तांबडं झालं. तात्यांना तेही शुभच वाटलं. गंगेला कुंकवाचा रंग चढला म्हणे. त्यांनी तोवर झऱ्यापुढं दगड रचून, सिमेंटनं लिंपून चांगली गुडघाभर टाकी बांधली होती. पाणी अडवून ठेवणारी टाकी, त्या उताराच्या पायथ्याशी! घागरीत गढूळ पाणी निवळून कोंडातल्या प्रत्येक घराला तीर्थ म्हणून वाटलं गेलं. घागर भरून द्यायचं काम माझ्याकडं होतं. लोकांनी डोळे मिटून ती माती प्यायली.

सोमवारी सकाळी पाणी थांबलं.

थेंबसुद्धा नाही. फटीत नुसती ओली माती. बाहेर पाऊस तसाच कोसळतोय आणि झरा बंद. 'अचानक बंद होणं' हे पत्रकातले शब्द मला पाठ होते. पाणी गेलं कुठं? वाट बंद झाली म्हणजे ते आत तटून राहिलं होतं, आणि वरून अजून पडत होतं.

"रुसली," तात्या म्हणाले.

"कोण?"

"गंगा. पूजेला उशीर केला म्हणून रुसली. बारा वाजेपर्यंत थांबायचं नाय. सगळ्यांना बोलवा, आत्ताच बसू."

म्हणून अकरा वाजता अख्खा कोंड आमच्या परसात. मी मोजली. मी आणि जुई धरून त्रेचाळीस माणसं. गडग्याच्या आत दाटीवाटीनं, डोक्यावर इरली, प्लॅस्टिकचे कागद, पोरं पुढं बसवलेली. येसूआजी तेवढी खालच्या घरात खाटेवर होती, तिला अर्धांग झालेलं. तिला धरून चव्वेचाळीस. मधोमध पाटावर जुई, कपाळभर हळद, हातात बत्तासा, खुशीत. तिच्यामागं दोन हातांवर गडगा, आणि गडग्याला कालपर्यंत नसलेलं पोट आलं होतं. दगड बाहेर फुगले होते. त्याच्यावरचा फणस घराकडं असा वाकला होता की जणू काय चाललंय ते बघायला.

मी परसातल्या जमिनीकडं पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग. त्यात माझं बोट गेलं असतं.

"तात्या, ही बघा! ही भेग काल नव्हती. हात जोडते, सगळ्यांना इथनं उठवा. पूजा देवळात करा, तिथं पाहिजे तेवढी करा."

"गंगा इथं, पूजा तिथं?"

"तात्या, हा डोंगर..."

"बाय," तात्यांनी शेंडी सोलायला घेतलेला नारळ खाली ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला, "तुझ्या भूगोलात गंगा कुठनं येते?"

मी भेगेकडं बोट दाखवलं.

"बोल की. शिकलीस ना?"

"हिमालयातनं."

"मग हितं कशी आली?" त्यांनी हात पसरले. "तुझ्या पुस्तकाला विचारून आली नाय. आता गप बस, नायतर आत जा."

हशा पिकला. पोरं टाळ्या पिटू लागली. हिराकाकी म्हणाली, "तात्यांच्या नादी लागू नको गो, चारचौघांत वकिलाला गप केलाय त्यांनी." आणि त्याच हशाखाली मला तो आवाज ऐकू आला. जमिनीखाली कुणीतरी जातं ओढत असावं तसा. घर्र... थांबला. पुन्हा घर्र...

मला ती माणसं त्या क्षणी माणसं वाटली नाहीत. दावणीची गुरंसुद्धा हिसका देतात. ही हसत बसली होती. यांना खडा दाखवून उपयोग नव्हता, भेग दाखवून नव्हता. यांना ज्याची खरी भीती वाटते तेच यांच्या अंगावर टाकायला हवं होतं.

मी पुढं झाले, पूजेच्या तांब्यात उजवा हात मनगटापर्यंत बुडवला आणि वर काढला.

"मी बाहेरची आहे," मी म्हणाले.

पोरांच्या टाळ्या थांबल्या.

"काय म्हनालीस?" हिराकाकी.

"पाळी आलीय मला. परवापासून. सांगितलं नाही, बाजूला बसले नाही. काल तीर्थाची घागर मीच भरली."

कुणाचा तरी हातातला तांब्या पडला. बायकांनी पोरांना मागं ओढलं. तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. आईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या फार वेळ पाहत राहिल्या, निदान मला तरी तो वेळ फार वाटला. मग त्या उठल्या, दोन पावलं टाकली आणि माझ्या कानाखाली अशी वाजवली की डोळ्यांपुढं काळं झालं.

"रांडे," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडून तो शब्द त्याआधी कधी ऐकला नव्हता. "कोंड बाटवलास."

मग एकच गलका. तरी मी म्हणाले ना, त्या लोकांच्या अकलेचा भरवसा नव्हता. तात्या लगेच सावरले. "थांबा, थांबा! गोमूत्र आणा. शिंपडून घेऊ, हिला बाहेर काढू नि पूजा उरकू. मुहूर्त जातोय."

एवढं सगळं करून पुन्हा तिथंच बसणार होती ती!

"गोमूत्रानं भागतं होय?" आई कडाडल्या. ती गप्प बाई, तिचा आवाज खालच्या घरांपर्यंत गेला असेल. "तीर्थ पोटात गेलंय सगळ्यांच्या! पोटात शिंपडणार? उद्या पोरं पटापटा मरायला लागली म्हंजे तात्या, तुमी जबाबदार? अख्ख्या कोंडानं वाघजाईपुढं उभं ऱ्हायाचं, गाऱ्हाणं घालायचं, नाक घासायचं. आत्ताच्या आत्ता. एक माणूस घरी ऱ्हायला नाय पायजे."

"येसूआजी उठत नाय," कुणीतरी म्हणालं.

"तिनं तीर्थ घेतलंय ना? घोंगडीत घाला नि उचला."

"अगं, पाऊस केवढा..."

"देवीच्या कोपापरीस मोठा हाय पाऊस?"

तिच्या त्या थैमानाची मला किळस आली. एका अर्धांग झालेल्या म्हातारीला विटाळापायी घोंगडीच्या झोळीत घालून पावसात न्यायची! पण माणसं हलली. पोरं काखेत, म्हातारे खांद्यावर, झोळी चौघांच्या हातात, सगळी निघाली. आईंनी जुईला उचललं. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, "शिवू नको पोरीला. मागनं ये. वीस पावलं लांब."

तात्या मात्र टाकीपाशीच उभे.

"चला तात्या," आई म्हणाल्या.

"तुमी व्हा पुढं. टाकीत तळाला बाटलेलं पाणी हाय, ते उपसतो, दगड धुतो, मग येतो. घान तशीच ठेवून देवीपुढं जाऊ होय?"

"नंतर धुवा. आदी गाऱ्हाणं."

"सगुणे, मला शिकवू नको."

आई क्षणभर थांबल्या आणि वळल्या.

वाटेत मला काय काय ऐकावं लागलं ते सगळं सांगत नाही. माझ्या आईचं शिक्षण, माझ्या बापाची अक्कल, कॉलेजात मुलींना काय शिकवतात, मोहननं आता दुसरी करावी. हिराकाकी दर दहा पावलांवर थांबून मागं वळून थुंकत होती. मी वीस पावलं मागून भिजत चालले होते आणि मनात म्हणत होते, बोला. मूर्खांनो, बोला. पण चाला.

साकवावर मी पुन्हा मोजलं. त्रेचाळीस.

"तात्या आले नाहीत!" मी ओरडले. "कुणीतरी जाऊन त्यांना घेऊन या!"

"का?" हिराकाकी गर्रकन वळली. "तू बाटवायचं नि त्यांनी निस्तरायचं, वर तूच हाका मारायच्या? त्यांचं नाव घेऊ नको तोंडानं!"

मी साकवाच्या मधोमध उभी होते. मागं चढ, सात-आठ मिनिटांची वाट. पुढं आईंच्या खांद्यावरून जुई माझ्याकडं बघत बत्तासा चोखत होती. मला परत जाता आलं असतं. मी पुढं गेले.

देवळात गुरव गाऱ्हाणं घालू लागला. मला देवळापुढच्या सहाणेच्या चौथऱ्याखाली, पावसात उभं केलेलं. "आई वाघजाई, लेकरू चुकलं, सुनेच्या हातनं विटाळ झाला..." तो इथवर आला आणि नाल्यापलीकडं काहीतरी तुटल्यासारखा आवाज झाला. मोठा नव्हे. ओल्या फांदीचा असतो तेवढाच.

आमच्या परसातला फणस उभाच्या उभा खाली चालत आला. पडला नाही, चालत आला, घरात शिरला आणि घर त्याच्याबरोबर निघालं. मग त्याच्यामागं डोंगर. माती, झाडं, कातळ, सगळं एकमेकांवरून उड्या मारत. अकरा घरं मोजायला जेवढा वेळ लागतो तेवढाही लागला नाही. शेवटचं घर गेलं आणि मग आवाज पोचला. छातीत पोचला, कानात नव्हे.

नंतर पावसाचाच आवाज.

जुई रडायला लागली. तेवढी एकच.

मग हिराकाकी उठली. तिनं पलीकडं, जिथं काहीच नव्हतं तिथं पाहिलं, आणि माझ्याकडं बोट केलं. "हिनं," ती म्हणाली. "हिच्या विटाळानं डोंगर पडला. ह्यांना गिळला हिनं."

तात्या तिसऱ्या दिवशी सापडले. हातात खराटा होता म्हणतात. मी बघायला गेले नाही.

पुढं सगळं रीतीनं झालं. पत्र्याच्या शेड, तांदूळ, चादरी, तोंडासमोर माइक धरणारे लोक. "तुम्ही सगळे नेमके त्याच वेळी बाहेर कसे?" असं एकानं विचारलं. "देवीनं बोलवून घेतलं," लोक म्हणाले. माझ्याबद्दल परक्यांना काही सांगत नव्हते. ते घरातलं होतं. त्रेचाळीस माणसं जिवंत होती आणि त्यांतल्या एकालाही अक्कल आलेली नव्हती. सपाटीवर नवी वसाहत झाली, सिमेंटची घरं, दारात नळ. अठरा वर्षं मी त्यांच्यात राहिले. बारशाला बोलावतात, पण पाळण्याला हात लावू देत नाहीत. लग्नात पंगतीत बसवतात, वाढायला देत नाहीत. मी कुणालाही खरं सांगितलं नाही, मोहनलासुद्धा नाही. सांगून कळेल असं माणूस तिथं नव्हतंच. ज्यांना मी वाचवलं त्यांनी माझ्याकडून पाणी घेऊ नये, याचं सुरुवातीला रडू यायचं, पुढं हसू यायला लागलं. त्यांनी माझ्यापासून चार हात लांब व्हावं आणि मी त्यांच्याकडं वरून बघावं, असं आमचं ठरूनच गेलं होतं.

गेल्या श्रावणात हिराकाकी आमच्याकडं आली होती. तिला आता नीट दिसत नाही. जुई पुण्याहून सुट्टीला आलेली. तिला बघायला आली. उन्हातून आलेली म्हणून मी तांब्या पुढं केला.

"तान नाय," काकी म्हणाली. मग थोड्या वेळानं, "जुये, वाईच पानी दे गो." आणि जुईच्या हातून घटाघटा प्यायली.

ती गेल्यावर मी तो तांब्या मोरीत आपटला. आई जमिनीवर बसून सुपात पावटे निवडत होत्या. जुई आत फोनवर होती.

"पुरे झालं," मी म्हणाले. "आज जाऊन सांगते तिला. सगळ्यांना सांगते. मी बाहेरची नव्हतेच. खोटं बोलले मी. खोटं बोलले म्हणून जगताय सगळे."

"ठावं हाय," आई म्हणाल्या.

पावटे सुपात खुळखुळत होते.

"काय ठाऊक आहे?"

"पोर अंगावर पीत हुती तुज्या. अकरा म्हयने तुजा एक कपडा कडेला वाळत पडलेला मी बगितला नव्हता. परवापासनं म्हनं! एका घरात ऱ्हावून मला कळत नाय होय?"

मी खाली बसले. "मग मारलंत का मला?"

"नाय मारलं असतं तर कुनाला खरं वाटलं असतं?"

"म्हणजे येसूआजीला उचला म्हणालात, एक माणूस घरी नको म्हणालात, ते सगळं..."

"माज्या म्हायेरी असंच झालेलं. मी सात वर्षांची. झरा आला, गेला, नि सांजच्याला तीन घरं गेली. तुजा तो दोरा बगितला तवाच माजे हातपाय गार पडले हुते."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखादं पोर तेच तेच विचारतं तेव्हा बघतात तसं बघितलं.

"बोलनार हुते. तू म्हनालीस, शिकलेलं असावं लागतं."

आत जुई कुणाशी तरी खळखळून हसली.

"बरं, मी चुकले," मी म्हणाले. "पण नंतर? अठरा वर्षं? तुमच्या डोळ्यांदेखत मला वाळीत टाकल्यासारखं वागवतात. तुम्हाला एक शब्द बोलता आला नाही?"

"कुनाला बोलू?"

"हिराकाकीला!"

"काय बोलू? सखातात्या टाकी धुवायला का ऱ्हायला?"

मी सुपातला एक पावटा उचलला.

"बाटली म्हनून ऱ्हायला," आई म्हणाल्या. "नि बाटली नव्हतीच. तिला आज काय वाटतं, देवीचा कोप झाला, त्यात धनी गेला. त्येच्यावर ती जगली. तू जाऊन सांगनार, काकी, काय बी नव्हतं, तुमचा म्हातारा स्वच्छ दगड घासत मेला. जा. सांग. ती बग, गेली न्हाय अजून लांब."

काकी समोरच्या गल्लीत भिंतीला हात लावत लावत चालली होती. दोन घरं गेली असेल. मी पायरीवर उभी राहिले. चप्पल घातली. हाक मारली असती तर तिनं ऐकली असती.

तेवढ्यात तीच वळली. चाचपडत परत आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "सगुणे, इरजन हाय का गो वाईच? आमचं नासलं."

"हाय की," आई म्हणाल्या. पण त्या उठल्या नाहीत. खाली मान घालून पावटे निवडत राहिल्या.

मी स्वयंपाकघरात गेले, वाटीत चमचाभर दही घेतलं आणि दारापर्यंत आले. काकीचा हात पुढं झाला होता. समोर कोण आहे ते तिला दिसत नव्हतं. तिला कळलंसुद्धा नसतं.

"जुई," मी आत हाक मारली, "फोन ठेव. काकींना विरजण दे."

"अगं, तू उभी आहेस ना तिथंच? दे की!"

काकीनं हात मागं घेतला.

"मला चालत नाही," मी म्हणाले, वाटी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि बाजूला झाले.